जेन म्हणजे जनरल

"तो सामान्य फिजिक्सचा फॉर्म फाडून टाक. माझी मुलगी तिकडे जाणार नाही."

सोमवार, सकाळी साडेनऊ. २००४ सालचा सप्टेंबर. ह्यूस्टनमधल्या एका युनिव्हर्सिटीच्या प्री-हेल्थ ॲडव्हायझिंग ऑफिसात मी फोन उचलला आणि पलीकडून नमस्कार न चमत्कार, थेट हे.

आवाज ओळखीचा होता. ह्यूस्टनलगतच्या शुगर लँडचे प्रमोदकाका. मूळचे पुण्याचे, मेकॅनिकल इंजिनिअर, एका एनर्जी कंपनीत पाइपलाइनचं डिझाइन करतात. दोनच दिवसांपूर्वी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांनी मला आग्रह करकरून मोदक वाढले होते.

"मी सायलीचा बाबा बोलतोय," ते म्हणाले.

"काका, सायली नावाची कुणी मुलगी इथे शिकते की नाही, हेसुद्धा मला फोनवर सांगता येणार नाही."

"म्हणजे काय?"

"प्रायव्हसीचा कायदा आहे. विद्यार्थी कॉलेजात आला की त्याचं रेकॉर्ड त्याचं. त्यानं परवानगी दिल्याशिवाय आईबापांनाही काही सांगायचं नाही."

"अगं, शनिवारी तिच्या मांडीला मांडी लावून जेवलीस तू!"

"ते मंडळात, काका. हे ऑफिस आहे."

फोन आपटला गेला. मला, खोटं कशाला बोलू, मजा आली.

मी तेव्हा फिजिक्समध्ये पीएचडी करत होते. आठवड्यातले काही तास टीए, म्हणजे प्रोफेसर शिकवणार आणि लॅब आम्ही सांभाळणार. उरलेले काही तास या ऑफिसात. ज्या पोरांना डॉक्टर व्हायचंय त्यांनी कुठले कोर्स घ्यायचे, कधी घ्यायचे, काय सोडायचं, हे सांगायचं काम. अमेरिकेत बारावीनंतर थेट मेडिकलला जाता येत नाही. आधी चार वर्षांची डिग्री, मग प्रवेशपरीक्षा, मग अर्ज. या चार वर्षांत जी पोरं डॉक्टरकीच्या वाटेवर असतात त्यांना प्रीमेड म्हणतात. प्रीमेड हा विषय नाही. ती एक मनःस्थिती आहे.

या पोरांना एक वर्ष फिजिक्स घ्यावंच लागतं. आणि फिजिक्स दोन प्रकारचं मिळतं. भानगड सगळी इथे आहे.

समजा, तुम्ही शुगर लँडहून हायवे ५९ नं ह्यूस्टनला निघालात. रस्ता मोकळा, वेग एकसारखा. वेग गुणिले वेळ, झालं अंतर. हे अल्जिब्रा. पण सकाळी आठला निघालात तर वेग क्षणाक्षणाला बदलणार. सत्तर, चाळीस, दहा, शून्य, पुढच्याला शिवी, पुन्हा वीस. मग प्रवासाचे बारीक बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यातलं अंतर काढायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. हे कॅल्क्युलस. अल्जिब्राच्या वर्गात ही बेरीज आधीच करून सूत्र हातात देतात, आणि उदाहरणं अशी निवडतात की ते सूत्र पुरावं. कॅल्क्युलसच्या वर्गात सूत्र स्वतः काढायला लावतात. पृथ्वी तीच, न्यूटन तोच, एक्झिटही तीच. इंजिनिअर आणि फिजिक्सवाल्यांना कॅल्क्युलसचा कोर्स घ्यावाच लागतो. डॉक्टर होणाऱ्यांना बहुतेक मेडिकल स्कूल एवढंच विचारतात, एक वर्ष फिजिक्स केलंय का, लॅबसकट? कुठलं, हे विचारत नाहीत. मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत तर कॅल्क्युलस नसतंच.

सायली सेकंड इयरला होती, बायॉलॉजीची. कॅल्क्युलसच्या फिजिक्सला बसली होती, कारण बाबा म्हणाले. पहिल्या परीक्षेत शंभरात त्रेचाळीस. शुक्रवारी ती माझ्यासमोर येऊन बसली आणि पेपर पालथा ठेवला, कुणी वारल्यावर फोटो ठेवतात तसा.

"ताई, ड्रॉप केलं तर डब्ल्यू येतो ना?"

डब्ल्यू म्हणजे 'विथड्रॉन'. ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणांच्या कायमच्या नोंदीवर, तो डाग राहतो. डी किंवा सी आला तर त्याहून वाईट, कारण मेडिकल स्कूल सगळ्यात आधी सायन्सच्या विषयांची सरासरी बघतात.

"ड्रॉप कशाला करतेस?" मी म्हटलं. "सेक्शन बदल. पुढच्या शुक्रवारी पाचपर्यंत मुदत आहे. कॅल्क्युलसमधून अल्जिब्रात गेलीस तर डब्ल्यू नाही, पहिल्या परीक्षेचे मार्कही सोबत येत नाहीत. कोरी पाटी."

मी फॉर्म काढला. तिचं नाव, नंबर, जुना कोर्स, नवा कोर्स, सगळं मीच भरलं. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीनं फुली मारून दिली. तिनं फॉर्म बॅगेत घातला. म्हणाली, "बाबांना विचारते."

शनिवारी गणपती बसला, मंडळाच्या भाड्याच्या हॉलमध्ये, बाहेर शंभर डिग्री फॅरेनहाइट आणि आत एसीनं थंड पडलेली भजी. प्रमोदकाका फॉर्मात होते. "पोरगी हुशार आहे हो. गेल्या वर्षी जेनेटिक केमिस्ट्रीत ए मिळवला. ए!" जेनेटिक केमिस्ट्री नावाचा कोर्स आमच्याकडे नव्हता. पण मोदक गरम होते, मी सोडून दिलं.

मग त्यांनी मला बाजूला घेतलं.

"तो कोर्स मी वेबसाइटवर बघितला. नाव काय आहे माहितेय? जनरल फिजिक्स."

"हो. आणि कॅल्क्युलसवाल्याचं नाव युनिव्हर्सिटी फिजिक्स. नुसती नावं आहेत ती, काका."

"नुसती नावं? जनरल मॅथ्स आठवतं का? तुझा जन्म नव्हता तेव्हा. मॅट्रिकला ज्यांना काही झेपत नाही त्यांच्यासाठी होतं. सामान्य गणित! आमच्या वर्गात त्या पोरांना आम्ही काय म्हणायचो सांगू?"

"नका सांगू."

मला माहीत होतं. माझी आई त्याच काळातली. नागपूरच्या आमच्या वस्तीतल्या पोरींना हेडमास्तर सरसकट सामान्य गणिताला बसवायचे. विचारायचे नाहीत. आईनं सामान्य गणित घेतलं नव्हतं. तिला ते दिलं गेलं होतं. पुढे ती सरकारी दवाखान्यात नर्स झाली. बाटलीत इतकं सलाइन, इतक्या तासांत जायला हवं, तर मिनिटाला किती थेंब, हे ती वॉर्डातल्या गोंगाटात तोंडी काढायची आणि घड्याळाकडे बघत थेंब मोजायची. ज्युनिअर डॉक्टर तिला विचारून लिहायचे. हे शुद्ध अल्जिब्रा आहे. पण ते तिला कुणी कधी सांगितलं नाही.

गंमत बघा. मॅट्रिकला प्रतिष्ठेची बाजू कुठली होती? 'अल्जिब्रा-जॉमेट्री'. म्हणजे ज्या अल्जिब्राच्या जिवावर काका तेव्हा वर्गात कॉलर ताठ करून फिरले, तेच अल्जिब्रा आता पोरीच्या इभ्रतीला कमी पडत होतं. उतरंडीचं असंच असतं. आपण एक पायरी चढलो की मागची पायरी आपोआप घाण होते. आम्ही अमेरिकेत येताना जातपात विमानतळावर सोडून आलो, असं मंडळात पुष्कळ जण सांगतात. असेलही. पण कोर्स कॅटलॉग उघडल्यावर वर कोण आणि खाली कोण, हे यांना एका नजरेत कळतं. सवय मोठी वाईट.

आणि हे एकट्या काकांचं नव्हतं. आमच्या डिपार्टमेंटमध्ये अल्जिब्राच्या सेक्शनला 'प्लग अँड चग' म्हणायचे. आकडे टाका, उत्तर काढा. टीएंच्या मीटिंगमध्ये तो सेक्शन ज्याच्या वाट्याला येई त्याच्याकडे बाकीचे, त्याच्या घरात कुणी आजारी असल्यासारखं, दयेनं बघत. पहिल्या वर्षी तो माझ्या वाट्याला आला तेव्हा माझंही तोंड वाकडं झालं होतं. हे मी आत्ता लिहिते आहे. तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

तर सोमवारी काकांनी फोन आपटला आणि माझी जुनी खोड उसळली.

नागपूरला कॉलेजात असताना मी पत्रकं लिहायचे. हॉस्टेलच्या पाण्याबद्दल, लायब्ररीच्या वेळेबद्दल, मुलींना संध्याकाळी सहाला कोंडून घालणाऱ्या वॉर्डनबद्दल. त्याचं एक शास्त्र आहे. मथळा मोठा, वाक्य छोटं, उद्गारचिन्ह एकच आणि तेही शेवटी. आणि वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे, हे माझ्याबद्दलच आहे. हा शेवटचा नियम लक्षात ठेवा.

लंच ब्रेकमध्ये मी पत्रक लिहिलं. हातानंच, कारण त्या काळी ई-मेलमधून मराठी पाठवली की पलीकडे नुसते चौकोन उगवायचे. ऑफिसच्या मशीनवर स्कॅन केलं आणि तिथूनच मंडळाच्या ई-मेल ग्रुपला धाडून दिलं. पत्रक असं होतं:

*जनरल या शब्दाला घाबरणाऱ्यांस.*

*फौजेत जनरल सगळ्यांच्या वर असतो. त्याला आपण सलाम ठोकतो.*

*पोट फाडतो तो जनरल सर्जन. त्याच्या टेबलावर आपण मुकाट झोपतो.*

*पण पोरीच्या कोर्सच्या नावात जनरल दिसलं, की आपल्याला मॅट्रिकची आठवण येऊन घाम फुटतो.*

*आपल्यातले जे डॉक्टर भारतातून शिकून आले त्यांना विचारा, कॅल्क्युलस कधी केलंत? बायॉलॉजी घेऊन गणिताला रामराम ठोकला, तो ठोकलाच. तरी त्यांच्याकडे आपण बीपी दाखवतो.*

*आपल्यातल्या एका काकांनी याच मार्चमध्ये स्वतःचं पित्ताशय जनरल सर्जनच्या हाती दिलं. पोरीला मात्र जनरल फिजिक्सच्या हाती देत नाहीत.*

*पित्ताशय गेलं. भीती कधी काढणार!*

उद्गारचिन्ह एकच. शेवटी. मी स्वतःवर खूश होते.

पहिलं उत्तर तासाभरात आलं, उषामावशींचं. उषामावशी भूल देणाऱ्या डॉक्टर, मंडळात सगळ्यात ज्येष्ठ. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून त्यांनी सगळ्यांना कळवलं, "मी इंटर सायन्सला बी ग्रुप. गणित सुटलं त्याचा आनंद अजून ओसरलेला नाही. आजवर सगळे पेशंट उठलेत." त्यावर कुणीतरी लिहिलं, "मावशी, ते तिकडचं. इथे कॉम्पिटिशन आहे." त्यावर आणखी कुणी, "कोण हो हे काका?" आणि त्यावर एका शहाण्यानं डोळा मारणारा चेहरा टाकून लिहिलं, "मार्चमध्ये आपण सगळ्यांनी आळीपाळीनं कुणाकडे पथ्याचे डबे पोचवले, आठवा."

मी मेल बंद केला.

मंगळवारी सकाळी डेबोरानं मला आत बोलावलं. डेबोरा माझी बॉस. टेक्ससची, पन्नाशीची, आवाज कधी न चढवणारी. तिच्या टेबलावर माझं पत्रक छापून ठेवलेलं होतं.

"हे काय आहे?"

"ते मराठी आहे."

"ते मला दिसतंय. पाठवणाऱ्याचं नाव काय दिसतंय, ते वाच."

वाचलं. आमचं स्कॅन करणारं मशीन प्रत्येक मेलवर पाठवणारा म्हणून आपोआप ऑफिसचं नाव टाकायचं. म्हणजे मंडळाच्या साडेतीनशे लोकांना पित्ताशयाबद्दलचं ते पत्रक युनिव्हर्सिटीच्या प्री-हेल्थ ॲडव्हायझिंग ऑफिसनं अधिकृतपणे पाठवलं होतं. एका सभासदानं ऑफिसला प्रश्न विचारला होता, की हा आपला नवा उपक्रम आहे का.

"यात कुठल्या विद्यार्थ्याचा उल्लेख आहे?" डेबोरानं विचारलं.

"नाव नाही घेतलं."

"मी नावाबद्दल विचारत नाहीये."

मी पत्रक पालथं ठेवलं.

"कालच्या फोनच्या वहीत तूच लिहिलंयस, एका वडिलांना तू सांगितलंस की तुमची मुलगी इथे शिकते की नाही हेही सांगता येत नाही. बरोबर केलंस. आणि दुपारी तीच गोष्ट साडेतीनशे लोकांना कळवलीस. तू इथे ॲडव्हायझर आहेस. चळवळ तुझ्या वेळात, तुझ्या मशीनवरून. आणि त्या मुलीची माफी माग. आज."

कायदा मीच सांगितला होता. मोडलाही मीच. मध्ये फक्त एक लंच ब्रेक गेला होता.

माफी मागायला मी सायलीला शोधत फिरले. ती बुधवारी स्वतःच आली, माझ्या लॅबमध्ये, तास संपल्यावर. दार लावलं.

"ताई, यू पुट मी ऑन अ फ्लायर."

"नाव नव्हतं गं…"

"गॉलब्लॅडर होतं! त्या ग्रुपमध्ये कितीजणांचं गॉलब्लॅडर मार्चमध्ये गेलं असं वाटतं तुला? आईला सकाळपासून फोन येतायत, सगळे तिला विचारतायत, नीलाताई, सायलीचं काही बिनसलंय का? आय ॲम नॉट अ बिनसलंय!"

"सॉरी. चुकलंच माझं."

"आता मी स्विच केलं, तर सगळे म्हणणार, झेपलं नाही. नाही केलं, तर सी. म्हणजे मेडिकलवाले म्हणणार, झेपलं नाही. थँक यू सो मच."

मी पुन्हा तोंड उघडलं. सूत्रं, मेडिकल स्कूल, सरासरी, सगळं परत सांगायला लागले. तिनं हात वर केला.

"बाबांनी मला विचारलं नाही. त्यांनी फक्त सांगितलं. आणि तू पण नाही विचारलंस. तू फॉर्म भरलास, एक्स मारलास, साइन हिअर."

मला हेडमास्तर आठवले. आईचे. त्यांना मी कधी पाहिलेलं नाही, पण आयुष्यभर शिव्या दिल्यात. तेही असाच फॉर्म भरून देत असणार. पोरींच्या भल्यासाठी.

टेबलावर दोन कप्प्या आणि वजनं अजून तशीच टांगलेली होती. मी स्टुलावर बसले आणि विचारलं, "बरं. तुला काय हवंय?"

तिनं एक वजन खाली ओढून सोडलं, कप्पी फिरली.

"कॅल्क मला येतं. हायस्कूलमध्ये ए होता. पण त्या वर्गात सर डेरिव्हेशन करतात आणि मी फक्त उतरवते. सगळे इंजिनिअर. बोर्ड भरतो, मी पान उलटते. ही कप्पी का हलते ते मला तिथे एकदाही कळलं नाही. लास्ट वीक माझी लॅब चुकली म्हणून इथे अल्जिब्रा सेक्शनच्या लॅबमध्ये मेक-अपला बसले तेव्हा कळलं. आय वॉन्ट टु गेट इट, ताई. नुसतं उतरवायचं नाहीये."

"मग?"

"मग मी स्विच करणार. पण बाबांना मी सांगणार. तू नाही."

"कबूल."

"आणि तू काही लिहू नकोस!"

"नाही लिहीत."

(हे आत्ता लिहिते आहे ते तिच्या परवानगीनं. तिनं वाचलं. नावं बदलायला लावली आणि पित्ताशय ठेवायला सांगितलं.)

शुक्रवार. मुदत पाचची. पावणेचारला ऑफिसचं दार उघडलं. पुढे सायली, मागे प्रमोदकाका, ऑफिसचा बिल्ला गळ्यात तसाच. अर्धा दिवस रजा टाकून हायवे ५९ नं आले होते. हातात माझ्या पत्रकाची घडी.

सायलीनं आधी एका कागदावर सही केली, की वडिलांसमोर आपल्याबद्दल बोलायला तिची हरकत नाही. तो कागद मी फाइलला लावला. शिकले होते एवढ्यात.

"बसा, काका. आधी तुमची माफी मागते. पित्ताशयाबद्दल."

"ते राहू दे," ते म्हणाले. "लिहिलंयस बरं. पण खोटं लिहिलंयस. मी घाबरत नाही."

"बरं."

"घाबरत नाही म्हणजे… माझा थोरला भाऊ. त्याला मास्तरांनी सामान्य गणित घे म्हणून सांगितलं. घेतलं. नंतर त्याला सायन्सला जायचं होतं. दार बंद! एका विषयावरून. जन्मभर स्टोअरकीपर राहिला, आणि माझ्यापेक्षा हुशार होता तो. एक चुकीची चौकट टिकमार्क केली की संपलं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तू नाही."

मी बघितलं होतं. पण तो दिवस माझ्या बोलण्याचा नव्हता. मी एवढंच म्हटलं, "इथे ते दार याच कोर्समधून उघडतं, काका." आणि ऑफिसातलं जाड बाइंडर त्यांच्यापुढे सरकवलं. टेक्ससमधल्या प्रत्येक मेडिकल स्कूलची अट त्यात होती. त्यांनी चष्मा लावला आणि इंजिनिअर ड्रॉइंग तपासतो तसं पानापानावर बोट फिरवलं.

"वन इयर ऑफ फिजिक्स… वन इयर… इथेही तेच." मग बाइंडर मिटलं. "हे ठीक. पण कॅल्क्युलस केलेली पोरगी आणि न केलेली पोरगी, यांत फरक पडणारच."

मी चेव आल्यासारखं विचारलं, "तुम्ही शेवटचं इंटिग्रेशन हातानं कधी केलंत?"

"कित्येक वर्षांत नाही. सॉफ्टवेअर करतं. पण ते काय करतंय हे मला कळत असतं."

बरोबर बोलले होते.

उत्तर सायलीनं दिलं. "बाबा, एक्झॅक्टली. मला पण कळायला हवंय. त्या वर्गात कळत नाही. या वर्गात कळतं. दॅट्स इट."

घड्याळात सव्वाचार. रजिस्ट्रारचं काउंटर दुसऱ्या बिल्डिंगमध्ये, चालत दहा मिनिटं.

"पण नाव," काका हळूच म्हणाले. आता आवाजात चीड नव्हती. नुसता जुना ठणका होता. "नाव तरी बदलता येत नाही का? ट्रान्सक्रिप्टवर जन्मभर 'जनरल' राहणार."

सायलीनं त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग परत त्यांच्याकडे.

"बाबा, ऑलरेडी आहे."

"काय आहे?"

"जनरल. लास्ट इयर. जेन केम."

"ते जेनेटिक."

"व्हॉट?"

"जेनेटिक केमिस्ट्री. फ्रिजवर लावलाय ना मी तुझा रिपोर्ट. जी, ई, एन."

"बाबा! जेन म्हणजे जनरल! जनरल केमिस्ट्री! सगळे प्रीमेड घेतात!"

मी टेबलाखाली स्वतःला चिमटा घेतला. हसले असते तर सगळं मुसळ केरात गेलं असतं.

गेलं वर्षभर काकांनी गणपतीत, दिवाळीत, हळदीकुंकवाला सोडायला आले तर दारात उभ्याउभ्या, सगळ्या शुगर लँडला सांगितलं होतं की पोरीला जेनेटिक केमिस्ट्रीत ए मिळालाय. ज्या शब्दानं ते आठवडाभर अन्नावरून उठले होते, तोच शब्द वर्षभर त्यांच्या फ्रिजवर होता, चुंबकाखाली, दुधाच्या कॅनसमोर. आणि त्यांना त्याचा अभिमान होता.

"जेन म्हणजे जनरल?" त्यांनी मला विचारलं. अपिलात गेल्यासारखं.

"हो, काका."

"आणि फिजिक्सचं रिपोर्टवर काय येईल?"

मी कॉम्प्युटरवर काढून दाखवलं. कोर्सचं नाव लांब असलं की सिस्टिम ते छाटते. "जेन फिज."

"जेन फिज," ते म्हणाले. एकदा मोठ्यानं, एकदा मनात. चहात साखर बरोबर पडली आहे का बघावं तसं. मग खिशातून पेन काढलं. "कुठे सही करू?"

"तुम्ही नाही. ती."

"पालकांची सही?"

"पालकांना जागाच नाही फॉर्मवर."

त्यांनी फॉर्म उलटा करून मागची बाजूही बघितली. खरंच नव्हती. मग पेन सायलीपुढे धरलं. तिनं माझी पेन्सिलची फुली आधी खोडली आणि मग सही केली. चार सव्वीसला ती निघाली, मागून काका, बिल्ला छातीवर उडतोय, जवळजवळ पळत.

सायलीला त्या कोर्सात ए मायनस मिळाला. आता ती मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रवेशाच्या इंटरव्ह्यूत तिला फिजिक्सचं कुणी एका अक्षरानं विचारलं नाही. वीस मिनिटांतली पंधरा मिनिटं ते तिच्या कथकबद्दल बोलत होते.

प्रमोदकाका पुढच्या गणपतीत भेटले. नवीन आलेल्या एका जोडप्याला पोरांच्या कोर्सबद्दल सल्ला देत होते. मी पाठमोरी उभी राहून ऐकलं.

"प्रीमेड ना? मग जेन केम, जेन फिज. डोळे मिटून. आमच्या सायलीनं तेच केलं."

"म्हणजे नक्की काय असतं हो ते?" त्या बाईंनी विचारलं.

"बेसिक सायन्स," काका म्हणाले. "फार खोलात असतं."

या प्रकरणातून मी काय शिकले? ऑफिसच्या मशीनवरून पत्रक पाठवू नये. फॉर्म भरण्याआधी ज्याचा फॉर्म आहे त्याला विचारावं. आणि तिसरं, हे चळवळीतल्या सगळ्यांनी लिहून ठेवावं. माझी युक्तिवादांची फौज, बाइंडर, उषामावशींचा बी ग्रुप, हे सगळं ज्या लाजेला हलवू शकलं नाही, ती लाज 'जनरल'ची चार इंग्रजी अक्षरं छाटल्याबरोबर उठून चालायला लागली. माणसाला शब्दाचा अर्थ बोचत नाही. पूर्ण लिहिलेला शब्द बोचतो.

माझ्या आईची मॅट्रिकची गुणपत्रिका नागपूरला लोखंडी कपाटात आहे. तिच्यावर 'सामान्य गणित' पूर्ण लिहिलेलं आहे, शाईनं, वळणदार अक्षरात. तिच्या वेळी छाटणारी सिस्टिम नव्हती.